तिसरं पान

परवा नात आली. कॉलेजात शिकते. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आजी, मला आपल्या घराण्याची वंशावळ लिहायचीय. सुरुवात कुठून करू?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोर बिचारी घाबरली. तिला काय ठाऊक, हा प्रश्न कानावर पडला की माझ्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं ते! म्हटलं, "आधी पाणी पी, बस, मग सांगते." आणि सांगत बसले ते नानांचंच. वंशावळ राहिली बाजूला.

नाना पाठक काशीला रामघाटावर आमच्या समोर राहायचे. तिथल्या गल्ल्या अशा, की समोरच्या घरात फोडणी पडली की ठसका आपल्याला लागतो. तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. नाना एका शाळेत संस्कृत शिकवायचे. उंच, जरा वाकलेले, बंद गळ्याचा काळा कोट, तो जेठाच्या लूमध्ये, ऐन उन्हाळ्यातल्या झळांतसुद्धा अंगातून उतरायचा नाही. चिमटीत सदानकदा तपकीर. पण तपकीर ओढल्या ओढल्या शिंकायचे नाहीत. आधी समोरच्याला प्रश्न विचारायचे, त्याचं उत्तर ऐकायचे, आणि मग शिंकायचे. नव्या माणसाला वाटायचं, आपलं उत्तर चुकलं.

आणि प्रश्न एकच असायचा. "गोत्र काय तुमचं?"

हे वेड त्यांना लागलं ते खानेसुमारीत. सरकारनं शाळामास्तरांना घरोघर धाडलं होतं, माणसं मोजायला. नानाही गेले. परत आले ते चिडूनच. आमच्या ओट्यावर बसून माझ्या वडिलांना म्हणाले, "सरकार विचारतं, वय काय, भाषा काय, धंदा काय. बापाच्या पलीकडे एक प्रश्न नाही! ही काय मोजणी झाली? मेंढरं मोजतात अशी." सरकारचं काम संपलं आणि नानांचं सुरू झालं. मांजरपाटाचा लांबच लांब पट्टा त्यांनी आणला, त्यावर काळ्या शाईनं काशीतल्या मराठी घराण्यांच्या वंशावळी उतरवायला घेतल्या. मूळपुरुष वरती, मग त्याची मुलं, मग त्यांची मुलं, रेघा ओढत ओढत खाली. शाळेतून आले की ओसरीत तो पट्टा पसरायचे आणि त्याच्या कडेकडेनं गुडघ्यांवर सरकत लिहायचे.

काशी सोडून ते कुठे जायचे नाहीत. गरजच नाही म्हणायचे. "सगळा महाराष्ट्र माझ्या पायरीवर येतो, मी कशाला जाऊ?" ते खरंही होतं. सकाळी शाळेच्या आधी अहिल्याबाई घाटावर जाऊन बसायचे आणि देशावरून आलेले यात्रेकरू गंगेतून वर आले की ओल्या अंगानंच त्यांना गाठायचे. एकदा मी आणि दुर्गी, म्हणजे नानांची एकुलती एक लेक, दोघी तिथेच होतो. बार्शीचा कुणी गृहस्थ थंडीनं कुडकुडत धोतर पिळत होता.

"वडील?" नानांनी विचारलं.

"रामचंद्र."

"त्यांचे वडील?"

"विष्णुपंत."

"त्यांचे?"

"ते... ते नाही बुवा ठाऊक."

"पणजोबा ठाऊक नाही? मग आत्ता पाणी सोडलंत ते कुणाच्या नावानं? गंगेतल्या कासवांच्या?"

तो गृहस्थ इतका ओशाळला की धोतर हातातून निसटलं. मग नानांना दया आली. "घाबरू नका," म्हणाले, "घरी चंपाषष्ठीला काय करता ते सांगा." तो म्हणाला, तळी भरतो, वांग्याचं भरीत असतं. भाकरी कसली? बाजरीची. आणि दिवे? दिवेही बाजरीचेच, पण ते उकडायचे नाहीत, निखाऱ्यावर भाजायचे. नाना शिंकले. "तुम्ही बार्शीचे नव्हेच. तुमचे लोक वरून, गोदेकाठून आलेत." तो माणूस डोळे विस्फारून बघत राहिला. म्हणाला, "आजी म्हणायची खरं, आपण पैठणाकडचे म्हणून!" आणि तशाच ओल्या अंगानं नानांच्या पाया पडला. आम्ही दोघी फिदीफिदी हसलो, पण खरं सांगते, दुर्गीला बापाचा फार अभिमान वाटला त्या दिवशी. घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

"आधी स्वयंपाकघर, मग देवघर, मग कागद." वंशावळ कशी सुरू करायची म्हणून कुणी विचारलं की नाना हेच सांगायचे. "कागद खोटं बोलतो. माणूस तर बोलतोच बोलतो, कुणाला आपला आजोबा आचारी होता म्हणायला आवडतं? पण नैवेद्य खोटं बोलत नाही. देवीपुढे काय वाढता ते मला सांगा, मी तुम्हाला तुमचा खापरपणजा सांगतो."

आता गंमत बघा. स्वयंपाकघरापासून सुरुवात करायची म्हणणारा हा माणूस कुणाच्या स्वयंपाकघरात कधी डोकावला नाही. ओसरीत बसायचा आणि घरातल्या पुरुषाला सांगायचा, "जरा आत विचारा." आमच्याकडे आले तेव्हाही तसंच. माझे वडील मधल्या दारात उभे, आई दाराआड, आणि प्रश्न नानांकडून वडिलांकडे, वडिलांकडून आईकडे. आईला बिचारीला उत्साह आला. ती म्हणाली, "माझ्या आईकडे तर नवरात्रात..." नानांनी तिथूनच हात हलवला. "माहेरचं नको वहिनी. ते पाणी दुसऱ्या नदीचं."

आई चुलीकडे वळली. तिच्या माहेरचं त्या घरात पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा फटकळच होते, आता आहे त्याहून जास्त. त्या पट्ट्यावर ओणवी होऊन मी विचारलं, "नाना, यात बायका कुठे आहेत?"

"बायका कशाला? झाडाला पाणी कोण घालतं ते झाडावर लिहितात का?"

दुर्गीची आई आतून हसली. गोरीपान, किरकोळ बाई. दुपारी आम्हा दोघींना जवळ घेऊन वाती वळायला बसवायची आणि तिच्या माहेरचं सांगायची. विहिरीला किती पायऱ्या होत्या, कुठला आंबा आधी पिकायचा, आई हाक कशी मारायची. लग्नात नानांनी तिचं नाव सरस्वती ठेवलं होतं, पण माहेरचं नाव काय होतं तेही तिनं आम्हाला सांगितलं होतं, कानात, आणि आपलीच लाजली होती. दुर्गी लहान असतानाच ती तापानं गेली. पट्ट्यावर काहीच बदललं नाही, कारण ती त्यावर नव्हतीच.

नानांना एक थोरली बहीण होती, आक्का. ती गंगेपलीकडे रामनगरला दिलेली. नाना तिच्याकडे जन्मात कधी गेले नाहीत. का? तर गंगेच्या त्या तीरावर मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, असं काशीत म्हणतात. "नेमका तिथेच प्राण गेला तर काय घ्या," म्हणायचे. पुढे माझं लग्न रामनगरलाच झालं तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हटलं, "म्हणजे आम्ही सगळी पुढच्या जन्मीची गाढवंच ना?" तर म्हणाले, "तू आता त्या घरची, तुझं तुझ्या गोत्राप्रमाणे होईल." बहिणीबद्दलही तेच. आक्का लग्न होऊन गेली, गोत्र बदललं, संपलं. सगळ्या काशीला प्रश्न विचारत हिंडणाऱ्या माणसानं आपल्या थोरल्या बहिणीला कधी एक प्रश्न विचारला नाही.

आता ते पान सांगते.

भाद्रपदात आमच्या लोकांत महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, आणि दोघींपुढे दोन पानं. सगळीकडे दोनच. पण नानांच्या घरी तिसरं पान मांडायचे. तेही देवीपुढे नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, खाली जमिनीवर. त्यावर सगळं वाढायचं, पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, काही म्हणजे काही कमी नाही. मग ते गाईला घालायचं. नाना ती हकिकत रंगवून सांगायचे. कुळात कधीकाळी एक सून होती, ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी तिला कुणी जेवायला वाढलं नाही, ती उंबऱ्याबाहेर उपाशी बसून राहिली आणि तिथेच गेली. तेव्हापासून हे पान.

"तिचं नाव काय होतं, नाना?" दुर्गीनं एकदा विचारलं.

"बाईचं नाव कुठे टिकतं एवढ्या पिढ्या? पण कुलाचार बघ कसा टिकला! सगळ्या काशीत विचारून आलोय. हे पान आपल्याखेरीज कुणाकडे नाही." आणि शिंकले.

पण होतं. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, पुराणिकांकडे होतं. त्यांच्याकडे नानांनी कधी विचारलं नव्हतं, कारण त्या दोन घरांचं जाणंयेणंच बेताचं होतं. ते वाढलं माधवमुळे. माधव हा पुराणिकांचा थोरला मुलगा, पोस्टात नोकरीला लागलेला, सालस पोरगा. नानांकडे संस्कृतच्या शंका विचारायला यायचा. एवढ्या शंका कुणाला येतात हो? दुर्गी चहा घेऊन बाहेर आली की शंकेचं उत्तर तसंच राहायचं. दोन्ही घरांना पसंत होतं. गोत्रं निराळी, नाना भारद्वाज, ते कौशिक. पत्रिका जुळली. साखरपुडा झाला, पेढे वाटले. मी रामनगरहून मुद्दाम आले होते. दुर्गी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "शांते, मला गल्लीसुद्धा सोडावी लागणार नाही गं!" तिच्या अंगावर निळी साडी होती. इतकी आनंदात मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

नानांना वाटलं, व्याह्यांना काहीतरी मोलाचं द्यावं. पैसा त्यांच्याकडे नव्हता. म्हणाले, "पुराणिकांची वंशावळ मी कोऱ्या पट्ट्यावर उतरवून देतो. लग्नात मांडवात लावू." आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीत जाऊन बसले. आधी स्वयंपाकघर! माधवचे वडील दारात, माधवची आई दाराआड. महालक्ष्म्यांना काय करता? आतून उत्तर आलं, सगळ्यांसारखंच, फक्त उंबऱ्याबाहेर एक तिसरं पान मांडतो.

माधवची आई पुढे सांगायची, की नानांनी तपकीर ओढली आणि त्या दिवशी ते शिंकलेच नाहीत. मग विचारलं, तुमच्या घराण्यात कुणी दत्तक? माधवचे वडील म्हणाले, हो, माझे आजोबा दत्तक आलेले. कुठून? ते कुणालाच माहीत नव्हतं. नाना उठले आणि घरी गेले. घरी त्यांच्या पट्ट्यावर त्यांच्या आजोबांचा एक धाकटा भाऊ होता, त्र्यंबक. नाव होतं, पण त्याच्या खाली रेघच नव्हती. त्याचं काय झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. झालं! नानांनी दोन आणि दोन चार केले. त्र्यंबक दत्तक गेला तो पुराणिकांकडे, आणि जाताना घराचं पान घेऊन गेला. म्हणजे माधव आणि दुर्गी एकाच रक्ताची, भावकीतली. दत्तक दिलं तरी रक्त सुटत नाही, असं लग्न शास्त्राला चालत नाही.

हे सगळं मला कळलं ते फार पुढे. त्या वेळी कुणालाच कळलं नाही, आणि तिथेच तर सगळं वाटोळं झालं. नानांनी माधवच्या वडिलांना एकट्याला गाठून सांगितलं आणि शपथ घातली, की बाहेर बोलायचं नाही. का? ज्या नानांना काशी वंशावळी विचारायला येते, त्यांच्याच घरात भावकीत सोयरीक ठरली, साखरपुडाही झाला, हे लोकांना कळलं तर हसं होईल! मग सांगायचं काय? नानांनी गल्लीला सांगितलं, पत्रिका पुन्हा पाहिली, मुलीला कडक मंगळ निघाला.

मेलेल्यांची अब्रू झाकली आणि जिवंत पोरीच्या कपाळी मंगळ मारला. अहो, बाप तो!

माझ्या आईदेखत दुर्गीनं नानांना विचारलं होतं, "नाना, मला मंगळ जन्मापासून होता ना?"

"होता."

"मग साखरपुड्याच्या आधी तो कुठे गेला होता?"

नाना उठले. पट्टा पसरून बसले.

त्यानंतर दुर्गीला स्थळ येईना. कडक मंगळाची मुलगी, ठरलेलं मोडलेली, कोण येणार? माधवचं दुसरीकडे लग्न झालं, वरात आमच्याच गल्लीतून गेली. दुर्गी त्या दिवशी मागच्या चौकात कपडे धूत बसली होती, धुतलेलेच परत धूत होती. शेवटी नानांनी झाशीचा एक बिजवर शोधून काढला. वयानं तिच्या दुप्पट. पण वंशावळ! नाना आमच्या ओट्यावर बसून वडिलांना सांगत होते, "सात पिढ्या तपासल्या. दोन्ही बाजूंनी निर्मळ. एक डाग नाही." सात पिढ्यांच्या मेलेल्या माणसांची चौकशी केली, आणि समोर बसलेला जिवंत माणूस खोकतोय ते काही दिसलं नाही. क्षय होता त्याला. दुर्गीनं त्याची उस्तवार केली, त्याच्या थुंकीची भांडी धुतली, आणि पांढऱ्या कपाळानं परत रामघाटला आली. मूल ना बाळ. वय काय असेल तिचं? माझ्याएवढीच ती. माझं पहिलं मूल तेव्हा रांगत होतं.

मग ती बापासाठी रांधायला लागली आणि पुढे पुढे समोरच्या खिडकीतून माधवची पोरं शाळेत जाताना बघायला लागली. केस ठेवले होते, तेवढे नानांचे उपकार म्हणायचे.

पुढच्या एका भाद्रपदात मी महालक्ष्म्यांना माहेरी आले. माझ्या सासरी गौरी बसत नाहीत. आक्काही निघाली माझ्याबरोबर. ती विधवा झाली होती, घरचं सगळं सुनेच्या हाती गेलं होतं. म्हणाली, "चल, मरायच्या आधी एकदा माहेरच्या महालक्ष्म्या बघून घेते." गंगा चढलेली, नावा बंद. आम्ही इक्क्यात बसून राजघाटच्या पुलावरून लांबचा फेरा घेऊन आलो. आक्का अख्ख्या वाटेत धक्के खात होती आणि इक्केवाल्याला शिव्या देत होती.

नानांकडे सवाष्ण कुणी नव्हती म्हणून दरवर्षी माझी आईच जाऊन गौरी बसवायची आणि नैवेद्य वाढायची. दुर्गी मागच्या खोलीत वाटण-घाटण करायची, देवीपुढे यायची नाही. आईनं दोन पानं देवीपुढे वाढली, मग तिसरं घेऊन उंबऱ्याबाहेर मांडायला लागली. नाना सोवळं नेसून बाजूला उभे होते. आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम हसली.

"अरे भय्या, हे पान अजून मांडता का तुम्ही?"

नाना म्हणाले, "म्हणजे? कुलाचार आहे तो."

"कसला कुलाचार! हे आपलं कुठे? हे तर पुराणिक काकूंचं."

आईचा हात तिथेच थांबला. आक्का आपल्या नादात सांगत होती. "तू पाळण्यात होतास तेव्हा. आई काशीला नवीनच आलेली, पोरच होती ती, सासू आधीच वारलेली. महालक्ष्म्या बसवायच्या कशा, कुणी सांगायला नाही. तेव्हा आपण पुराणिकांच्या जुन्या घरात वर भाड्यानं राहायचो, गंगेच्या पुरात पडलं बघ ते घर. खाली म्हातारी पुराणिक काकू होती. आईनं सगळं तिच्यावरून उचललं, मुखवटे कसे मांडायचे, आंबील कशी करायची. मी आईच्या पदराला धरून बघत उभी असायची. काकूनं ते पान मांडलं, आईनंही मांडलं. तिला वाटलं, असंच असतं सगळ्यांकडे. ती उपाशी गेलेली सून पुराणिकांची. आपल्याकडे असलं काही नव्हतं."

नाना खाली बसले. सोवळ्यात होते तरी तसेच मटकन बसले. "आणि त्र्यंबक?" त्यांनी विचारलं. "आजोबांचा भाऊ?"

"तो अंगावर देवी येऊन वारला ना, पोर असतानाच. आई सांगायची. का रे?"

"दत्तक नाही गेला?"

"मेलेल्याला कोण दत्तक घेतो? बिलकुल काहीतरीच विचारतोस."

"मग... मग माधव..." नाना म्हणाले, आणि तोंडावर हात धरला. पण ते निघून गेलं होतं. मागच्या खोलीतला वरवंट्याचा आवाज थांबला. दुर्गी दारात येऊन उभी राहिली, हात पुरणानं माखलेले. "माधवचं काय, नाना?" तिनं विचारलं. नानांना सांगावं लागलं. सगळं सांगितलं, तिथेच, देवीसमोर बसून. मंगळ नव्हता हेही सांगितलं.

आक्काचा चेहरा राखेसारखा झाला. "अरे, मला का नाही विचारलंस?" ती ओरडलीच. "पलीकडे तर होते मी! एक माणूस धाडायचास! मला सांगितलं पत्रिका जुळली नाही, मी म्हटलं असेल बाई. का नाही विचारलंस?"

"तू..." नाना म्हणाले, "तू परगोत्रातली."

आक्का कपाळावर हात मारून रडायला लागली. माझी आई रडायला लागली. दुर्गी मात्र रडली नाही. तिनं हात धुतले, आणि आत जाऊन राहिलेलं पुरण वाटायला बसली. वरवंट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, "शांते, जरा वेलची सोल." बस्स, एवढंच.

त्या दिवसापासून ती नानांशी बोलली नाही. वेळच्या वेळी पान वाढायची, आंघोळीला पाणी काढायची, औषध पुढे ठेवायची. शब्द नाही. नानांनी घाटावर जाणं सोडलं. पट्टा गुंडाळून फडताळावर टाकला. लोक यायचे, "नाना, आमची वंशावळ..." तर आतूनच म्हणायचे, "प्रकृती बरी नाही." तपकीर सुटली नव्हती, पण शिंका आमच्या घरापर्यंत ऐकू येईनाशा झाल्या. गल्लीला हळूहळू सगळं कळलंच. माधव एकदा दारापर्यंत आला, उभा राहिला, आणि तसाच परत गेला. काय बोलणार होता? आपल्या तीन पोरांचा बाप तो.

पुढच्या वर्षी मी पुन्हा आले. आक्का त्या हिवाळ्यात गेली होती, रामनगरलाच. नानांनी तेव्हाही नदी ओलांडली नाही, पण सुतक नसताना तेरा दिवस पाळलं, असं आई म्हणाली. महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस होता. आईनं दोन पानं वाढली आणि सवयीनं तिसरं घेतलं.

"ते नको, वहिनी," नाना म्हणाले. फार थकले होते. "ते पान आता मांडायचं नाही. ते आपलं नव्हे."

"मांडा," मागून आवाज आला.

वर्षभरात नानांसमोर दुर्गीनं काढलेला तो पहिला शब्द. ती बाहेर आली. उंबऱ्याबाहेर, पान मांडतात त्याच जागी, मांडी घालून बसली. म्हणाली, "देवीला नको. मला वाढा. आपल्या घरात उपाशी गेलेली कुणी नाही म्हणता ना? आहे आता."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दोघींपैकी कुणी हललं नाही. तेव्हा नाना उठले. त्यांनी पान तिच्यापुढे मांडलं, आणि आईच्या हातातलं भांडं घेऊन स्वतः वाढायला लागले. त्यांना वाढता येत नव्हतं. भाजी मिठाच्या जागी, कोशिंबीर भातावर, आंबील अर्धी जमिनीवर. बायको गेली तरी त्या माणसानं कधी कुणाला पान वाढलेलं नव्हतं. दुर्गी खाली मान घालून जेवत होती. घरातलं कुणी जेवलं नव्हतं, देवीचा नैवेद्यही पुरता दाखवून झाला नव्हता, आणि ती जेवत होती. नाना वाढत राहिले. सगळं वाढून झालं तसे ते उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, तिच्यासमोर, खाली बसले.

त्यांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली. मग म्हणाले, "दुर्गे."

ती जेवत होती.

"दुर्गे, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय होतं गं? लग्नात कानावर पडलं होतं. मला आठवत नाही. कुणाला विचारू तेही कळत नाही." आणि मग म्हणाले, "तिथून सुरुवात करावी म्हणतो."

दुर्गीनं हातातला घास खाल्ला. शांतपणे पोळी संपवली, आंबील पिऊन टाकली, पान पुसून लख्ख केलं. मग पान उचललं, बापाकडे एकदा बघितलं, आणि गाईला काही उरलं नाही म्हणून नुसतंच पान घेऊन मागच्या दारानं निघून गेली.

नानांनी माझ्याकडे मान वळवली. नाकाशी चिमूट तशीच धरलेली, डोळे भरलेले. मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. ते नाव मला ठाऊक होतं. त्यांनाही कळलं, की मला ठाऊक आहे.

मीही सांगितलं नाही.